कुकरचं 'वॉर्म' बंद, भात ओहित्सूत: घरच्या प्रकल्पाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४

काम नक्की काय आहे ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर पुढे सगळं विसरायला होतं. आमचा राइस कुकर पहाटे टायमरवर भात शिजवतो, मी सकाळी डबे भरतो आणि उरलेला भात रात्रीपर्यंत 'वॉर्म'वर पडून असतो. दुपारपर्यंत ठीकठाक, पण संध्याकाळी झाकण उघडलं की पिवळट झाक, कडेची शितं वाळून कडक, मधला भाग गिच्च आणि एक असा वास की वरण ओतल्यावरही जात नाही. कुकरला तरी काय बोलणार, जंतू वाढू नयेत म्हणून तो भात साठ-सत्तर अंशांना धरून ठेवतो, आता एवढ्या उष्णतेत दिवसभर बसवल्यावर कुठलाही भात असाच होणार.

मग काय करता येईल? दोन्ही वेळा ताजा भात लावायचा, जे ऑफिसातून तोक्योतल्या निशिकासाईला रात्री आठला पोचणाऱ्या माणसाला जमत नाही. किंवा गरम असतानाच वाटण्या करून फ्रीझरमध्ये टाकायच्या आणि लागेल तशा मायक्रोवेव्ह करायच्या, हे इथली कितीतरी घरं करतात, आम्हीही करतो, पण रोज रोज त्याचा कंटाळा येतो. राहता राहिला ओहित्सू, म्हणजे शिजलेला भात काढून ठेवायचा लाकडी गोल डबा, झाकणासकट. नागोयाला हित्सुमाबुशी मागवला की भातावर ईल माशाचे तुकडे रचून ज्यातून आणून देतात तो हाच. हॉटेलात बघितलेला, घरी वापरणारं ओळखीत कोणी नाही.

बायको म्हणाली, "आणखी एक भांडं आणशील, पण घासणार कोण?" घासणार मी, हे इथे लेखी देतोय. पास व्हायच्या अटीही आत्ताच ठरवतो म्हणजे मागाहून सोयीने बदलता येणार नाहीत: रात्रीचा भात मायक्रोवेव्ह न करता वरणाबरोबर खाता आला पाहिजे, लेकीने नाक मुरडता कामा नये, आणि जूनच्या पावसाळ्यात डब्याला बुरशी लागता कामा नये.

२३ नोव्हेंबर

काप्पाबाशीला जाऊन आलो. उएनो आणि आसाकुसाच्या मधला हा रस्ता म्हणजे नुसती स्वयंपाकाच्या सामानाची दुकानं, प्लॅस्टिकच्या खोट्या सुशीपासून हॉटेलातल्या शेगड्यांपर्यंत सगळं. घ्यायचं काही नव्हतं, बघायचंच होतं, आणि बघितल्यावर लक्षात आलं की ओहित्सू या नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू विकतात.

पहिला फरक झाकणाचा. एदोची, म्हणजे जुन्या तोक्योची पद्धत म्हणजे झाकण मोठं, बाहेरून कडेवर खाली उतरणारं. कान्साईकडे, म्हणजे क्योतो-ओसाकाच्या बाजूला, झाकण तोंडावर नुसतं टेकवलेलं. दुसरा फरक बांधणीचा. एक प्रकार पिपासारखा, म्हणजे उभ्या फळ्या जोडून भोवती तांब्याची किंवा बांबूची कडी चढवलेली. दुसरा मागेवाप्पा, अकिता प्रांतातल्या ओदातेचं काम, देवदाराच्या जातीतल्या सुगी झाडाची पातळ फळी गरम पाण्याने मऊ करून गोल वाकवतात आणि जोड चेरीच्या सालीने शिवतात. दिसायला मागेवाप्पाच देखणा, मान्य. पण त्यातल्या बऱ्याच डब्यांवर कोटिंग असतं, आणि कोटिंग असलं की लाकूड पाणी शोषणार कसं, मग प्लॅस्टिकचा डबा काय वाईट? आणखी एक चिनी मातीचा प्रकारही दिसला, थेट मायक्रोवेव्हमध्ये जाणारा. सोयीचा असेल, पण मला जे करून बघायचंय ते लाकडाशिवाय होणार नाही.

तिथल्या दुकानदारकाकांनी एक गोष्ट हातात डबा देऊन दाखवली. चांगल्या ओहित्सूच्या फळीवर रेषा उभ्या, सरळ, एकमेकींना समांतर असतात. साके या तांदळाच्या दारूच्या पिपाला उलट, तिथे लाटांसारख्या रेषांची फळी लागते कारण ती पाणी आरपार जाऊ देत नाही. भाताच्या डब्याला ओल आत-बाहेर करणारं लाकूड हवं, आणि सरळ रेषांची फळी फुगली-आटली तरी सगळीकडून सारखी हलते, वाकडी होत नाही.

माप 'गो'मध्ये. एक गो म्हणजे १८० मिली, कुकरबरोबर येतो तो कप, तांदूळ साधारण १५० ग्रॅम. आमचा दिवसाचा तांदूळ दोन गो, म्हणून डबा तीन गोचा घ्यायचा, काठोकाठ भरला तर वाफेला जागाच उरत नाही. किंमत बघून मात्र जरा बसलो. हाताने केलेला बरा डबा पंधरा-वीस हजार येन. बायकोला आकडा सांगताना येन म्हणून सांगितला, रुपयात केला नाही.

८ डिसेंबर

घ्यायचाच आहे तर जिथे होतो तिथून घेऊ म्हणून नागानोतल्या किसो खोऱ्यात. शिंजुकूहून आझुसा गाडीने शिओजिरी, तिथून लोकलने नाराई. नाकासेन्दो या जुन्या रस्त्यावरचं हे मुक्कामाचं गाव, एदोहून मोजलं तर चौतिसावं, नऊशे मीटरच्या वर, आणि डिसेंबरात अशी थंडी की लेकीने पहिल्या दहा मिनिटांत घरी जायचं टुमणं लावलं. लाकडी घरांची एक लांबच लांब ओळ, बस. अलीकडच्याच स्टेशनाला, किसो हिरासावाला, लाखेच्या भांड्यांचं काम चालतं.

किसोच्या जंगलात पाच झाडांना मान आहे: हिनोकी, सावारा, असुनारो, कोयामाकी, नेझुको. एदो काळात हे जंगल ओवारी संस्थानाचं, किल्ले आणि शहरं बांधता बांधता डोंगर बोडके व्हायला लागले तेव्हा त्यांनी तोडीवर बंदी घातली, १७०८ साली पहिल्या चार झाडांवर आणि नेझुकोवर मागाहून. खरी किंमत हिनोकीची, पण बाकीची दिसायला त्याच्यासारखीच, "साहेब मला वाटलं सावारा" म्हणून कोणी हिनोकी उतरवू नये यासाठी सगळ्यांवरच बंदी. झाड एक तर मुंडकं एक, असा तिथे अजून वाक्प्रचार आहे.

ओहित्सूला सावाराच का, हे तिथल्या डब्यांच्या कारखान्यात नाकानेच कळलं. हिनोकीचा ताजा तुकडा हुंगला तर वास थेट डोक्यात जातो, छान असतो, पण भाताला नको. सावाराचा वास अगदी मंद. शिवाय वजनाला हलका आणि पाण्यात चटकन न कुजणारा, म्हणून बादल्या, न्हाणीतली घमेली, सुशीचा भात कालवायची पसरट हांगिरी, सगळं याच लाकडाचं.

कारागीर फळीच्या कडा रंध्यावर घासत होते. मला वाटायचं कला त्या कड्यांत आहे, पण सगळा खेळ या कडांच्या कोनाचा, फळ्या अशा कोनात तासायच्या की गोल उभा केल्यावर फटच राहणार नाही. मग बांबूच्या बारीक खिळ्यांनी आतून जोड, कडी चढवून ठोकून खाली बसवायची, तळाची फळी खाचेत. जुन्या पद्धतीत फळ्या चिकटवायला शिजलेला भातच घोटून त्याची खळ वापरायचे, आता बरेच जण तयार गोंद वापरतात. लेकीला ही खळीची गोष्ट भयंकर आवडली, गाडीत परत येताना सारखं तेच.

तीन गोचा, तांब्याची दोन कडी, एदो पद्धतीचं झाकण. घेतला.

१० डिसेंबर

नव्या लाकडाचा कस काढायचं काम. डब्यात पाणी भरलं, त्यात व्हिनेगर ओतलं, झाकणही उलटं करून तसंच, आणि रात्रभर ठेवलं. सकाळी पाणी चहाच्या रंगाचं. ते फेकून तांदळाच्या धुवणाने भरला, आणखी काही तास. साबण अजिबात नाही, लाकूड पाण्याबरोबर साबणही पिणार आणि मग तो भातात उतरणार. एका फळीवर राळेचा चिकट ठिपका आला होता, तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसला, कारागिरांनी आधीच सांगून ठेवलं होतं की पहिल्या वर्षात असे ठिपके येत राहतील.

वाळवायचा सावलीत, वाऱ्यावर, उन्हात नाही. आमच्या बाल्कनीत हिवाळ्यात दिवसभर ऊन, म्हणून आत कपाटावर चढवला.

१४ डिसेंबर

पहिला भात, कोशिहिकारी या इथल्या चिकट तांदळाचा. क्रम लिहून ठेवतो. आधी डबा पाण्याने आतून ओला करायचा आणि फडक्याने पुसायचा, कोरडा ठेवला तर शितं फळ्यांना चिकटून बसतात. भात शिजून कुकरने वाफ जिरवली की लगेच काढायचा, भातवाढी उभी धरून कापल्यासारखा मोकळा करत, दाबायचा नाही. झाकणाखाली एक सुती फडकं. बास.

तासाभराने उघडला. वरचं शीतही कोरडं नाही आणि झाकणाला आतून पाण्याचा एक थेंब नाही. स्टीलच्या डब्यात एवढ्या वेळात झाकणावरून टपटप सुरू होते आणि खालचा थर आसट होतो. इथे ते पाणी लाकडाने पिऊन टाकलं. रिकामा डबा आणि भात काढून झाल्यावरचा डबा किचनच्या काट्यावर ठेवून बघितला, फरक थोडाच, दोन-तीन चमचे पाण्याएवढा, पण भात गिच्च व्हायला तेवढंच पुरत असणार. नंतर भात सुकायला लागला की यातली थोडी ओल परत भाताला मिळते असं म्हणतात, ते काट्यावर दिसण्यासारखं नाही, पण रात्री नऊला भात वाळलेला नव्हता हे खरं.

आता अडचण. ओहित्सू भात गरम ठेवत नाही, मला मात्र मनात कुठेतरी वाटत होतं की जाड लाकूड आहे, ठेवेल. दोन तासांत कोमट, दुपारपर्यंत पूर्ण गार. चवीला तो गार भात फार चांगला आहे, शितं सुटी आणि तरी चिकट, चावताना गोडी लागते, मी नुसता मीठ लावून खाल्ला. पण रात्री ताटात मूद पाडली, वरण घातलं, वर तूप सोडलं आणि तूप जागच्या जागी थिजलं. पांढरा गोळा. लेक म्हणाली, "बाबा, हे मेणासारखं दिसतंय." अट क्रमांक एक, नापास.

१५ डिसेंबर

तुपाचा प्रश्न सोपा निघाला. तूप भातावर घालायचंच नाही, उकळत्या वरणात घालायचं आणि ते वरण भातावर. वरण एरवीपेक्षा पातळ आणि चांगलं सणसणीत गरम. भात खालून गार, वरून गरम, आणि मध्ये कुठेतरी दोन्ही जुळतं. इथले लोक गार भातावर गरम चहा ओतून ओचाझुके खातात ते तरी दुसरं काय आहे. आमटी, कढी, सार, सगळं या भाताबरोबर चालतं. सुकी भाजी आणि भात मात्र नाही, ते घास घशात अडकल्यासारखं होतं.

१२ जानेवारी २०२५

पुण्याहून परत आलो. डबा इतके दिवस कोरडा पडून होता आणि तोक्योचा हिवाळा असा की ओठ फुटतात, हवेत ओल म्हणून नाही. खालचं कडं सैल होऊन चक्क ट्रेवर उतरलेलं. फळ्या मात्र जागेवर. लाकूड आटलं की हे होणारच, कारागिरांनी उपायही सांगितलेला: कडं परत चढवायचं, लाकडी ठोकळ्याने चहूबाजूंनी थोडं थोडं ठोकत खाली न्यायचं आणि डबा पाण्यात भिजत ठेवायचा. संध्याकाळपर्यंत फळ्या फुगून कडं घट्ट बसलं. एकाच बाजूने ठोकलं तर तिरकं चढतं, फिरवत फिरवत ठोकायचं.

हिवाळ्यात डबा वापरात असलेलाच बरा. रोज भात पडला की रोज थोडी ओल मिळते. कुठे जायचं असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून सिंकखालच्या कपाटात, हीटरपासून लांब, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर नाहीच.

आईशी व्हिडिओ कॉलवर बोलताना डबा दाखवला. "अरे, भात गारच खायचा होता तर एवढे पैसे कशाला घातलेस, माझ्याकडे फुकट मिळाला असता शिळा भात." उत्तर नव्हतं.

९ फेब्रुवारी

इंडियन स्टोअरमधून बासमती आणि सोना मसुरी आणून दोन वेगळ्या दिवशी ओहित्सूत ठेवून बघितले. सकाळी दोन्ही उत्तम, बासमतीची शितं तर इतकी सुटी की वाढताना उडत होती. संध्याकाळी बासमती कडक, चावायला टोचणारी. सोना मसुरी तेवढी वाईट नाही पण गार खावी अशीही नाही. ओहित्सू तोच, लाकूड तेच, म्हणजे फरक तांदळात आहे.

कारण स्टार्चचं. भातातला स्टार्च शिजताना पाणी घेऊन फुलतो आणि गार होताना परत आखडून बसायला लागतो. ज्या तांदळात अमायलोज (स्टार्चचाच एक प्रकार) जास्त तो पटकन आणि जास्त आखडतो, बासमती त्यातली. कोशिहिकारीत अमायलोज कमी, म्हणून तो गार झाल्यावरही मऊ राहतो. हे आखडणं सगळ्यात जोरात होतं ते शून्याच्या जरा वर, म्हणजे बरोब्बर फ्रिजच्या तापमानाला. म्हणून फ्रिजमधला भात दगड होतो आणि फ्रीझरमधला, झटकन गोठलेला, गरम केल्यावर बरा लागतो.

थोडक्यात ओहित्सू पाण्याचा हिशेब ठेवतो, स्टार्चचं काही करू शकत नाही. "यात ठेवलेला कोणताही भात रात्रीपर्यंत ताजा" असं विकताना सांगतात ते अर्धंच खरं. हा डबा ज्या तांदळाच्या मुलखात तयार झाला त्याच तांदळासाठी आहे. पुलाव, बिर्याणीवाल्यांनी पैसे वाचवावेत. आपला आंबेमोहोर किंवा इंद्रायणी यात कसा वागेल हे बघायची फार इच्छा आहे, तेही चिकटच, जमेल असं वाटतं. पण तो तांदूळ इथे हाताशी नाही, म्हणून ते राहिलं.

२३ मार्च

तांदळाचे भाव बघवत नाहीत. सुपरमार्केटात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, साधारण वर्षभरापूर्वी याच्या निम्म्यात येत होती. सरकारने राखीव साठ्यातला तांदूळ लिलावाने बाहेर काढलाय तरी दुकानात काही उतरलेलं दिसत नाही. या दिवसांत कुकरमधला पिवळा भात टाकून द्यायची वेळ आली असती तर जिवावर आलं असतं. ओहित्सू आल्यापासून भात टाकलेला नाही. रात्री वाटीभर उरला तर सकाळी फोडणीचा भात, आणि तो या भाताचा अप्रतिम होतो कारण शितं गोळा झालेली नसतात, हाताने मोकळी करायला लागत नाहीत. हा फायदा माझ्या अटींमध्ये नव्हताच.

शेजारच्या आजींना वाटीभर दिला, हिंग-मोहरी-कढीपत्त्यासकट. वाटी परत करायला आल्या तेव्हा ओट्यावरचा डबा बघून दारातच थांबल्या आणि मग चांगला अर्धा तास गप्पा. त्यांचं लहानपण निइगाताकडच्या खेड्यातलं. भात चुलीवर दिवसातून एकदाच शिजायचा, गरम भात त्याच एका वेळेला, बाकी वेळेला ओहित्सूतला. हिवाळ्यात डब्याभोवती भाताच्या पेंढ्याचं विणलेलं जाड आवरण, डबा आख्खा त्यात बसायचा, त्याने संध्याकाळपर्यंत भात कोमट राहायचा. उन्हाळ्यात ओहित्सू बाजूला आणि भात बांबूच्या टोपलीत, वर फडकं, टोपली वळचणीला टांगलेली, वारा लागावा म्हणून. ओहित्सूजवळ बसून सगळ्यांना वाढायचं काम त्यांच्या आजीचं.

एदोतही असंच चालायचं. भात सकाळी एकदा शिजवायचा, मिसो सूपबरोबर गरम खायचा, दुपारी आणि रात्री गार. क्योतो-ओसाकाकडे उलटं, भात दुपारी शिजायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गारठलेल्या भाताची पेज नाहीतर चहाभात. सरपण महाग, दाटीवाटीची लाकडी घरं आणि आगीची भीती, दिवसात तीनदा चूल कोण पेटवणार. तोशिबाचा आपोआप बंद होणारा कुकर आला १९५५ च्या डिसेंबरात, आणि भात गरम धरून ठेवणारे इलेक्ट्रिक जार १९७० पासून. दिवसभर गरम भात ही चैन इथे माझ्या वयापेक्षा फार जुनी नाही. आईला हे सांगायचंय.

१ एप्रिल

पेंढ्याचं आवरण कुठे मिळालं नाही, म्हणून जुन्या रजईचा तुकडा कापून डब्याभोवती शिवला, झाकणावर मोकळा. दुपारपर्यंत भात कोमट राहतो. पण आवरणातून काढला की डब्याची बाहेरची बाजू दमट लागते, लाकडाला बाहेरून वाळायला मिळत नाही. थंडी संपत आलीच आहे, गुंडाळून ठेवला. पेंढ्यातून हवा खेळते, पॉलिएस्टरमधून खेळत नाही, एवढाच मुद्दा.

११ मे

तळाच्या खाचेत, जिथे फळी आणि तळ भेटतात तिथे, बारीक काळसर रेघ. दोन शक्यता, एक म्हणजे स्टार्च अडकून बुरशीची सुरुवात, दुसरी म्हणजे लाकडातलं टॅनिन लोखंडाशी भेटून काळं पडणं, ओल्या लोखंडी तव्याशेजारी डबा वाळत ठेवला तरी तसं होतं म्हणे. लिंबाच्या रसाने रेघ फिकी झाली नाही, म्हणजे बहुतेक पहिली. काथ्याच्या ब्रशने, रेषांच्या दिशेनेच, कोमट पाण्यात खाच घासली, मग उकळतं पाणी आतून फिरवून ओतलं, लगेच कोरडं पुसलं. उकळत्या पाण्याने लाकूड गरम होतं आणि वाळतंही लवकर. रेघ पूर्ण गेली नाही पण वाढलीही नाही.

घासायचं काम रोजचं आता दोन-तीन मिनिटांचं. भात काढला की डब्यात पाणी भरून ठेवायचं, जेवण होईपर्यंत चिकटलेली शितं सुटतात. जास्त वेळ भिजत मात्र नाही.

८ जून

पाऊस सुरू व्हायच्या बेतात, हवा आत्ताच चिकट. नियम बदलतोय.

शिजवूनही भातात एक जंतू तग धरतो, बॅसिलस सेरियस, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्याला जुमानत नाहीत, आणि भात कोमट राहिला की ते जागे होतात. त्यातलं उलटी करवणारं विष एकदा तयार झालं की परत गरम करून जात नाही. हिवाळ्यात आमचं किचन बारा-चौदा अंशांना असतं तेव्हा भात रात्रीपर्यंत ठेवणं वेगळं आणि जूनमध्ये अठ्ठावीस-तीस अंशांना ठेवणं वेगळं. लाकडात जंतू वाढत नाहीत वगैरे जे सांगतात त्यावर मी पोरीचं पोट लावणार नाही. म्हणून आता भात ओहित्सूत फक्त सकाळी डबे भरेपर्यंत आणि सुट्टीच्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत, उरलेला लगेच वाटण्या करून फ्रीझरमध्ये. यातही एक बरी गोष्ट निघाली, ओहित्सूत अर्धा तास बसलेला भात फ्रीझरमधून काढून गरम केला तर थेट कुकरमधून गोठवलेल्यापेक्षा चांगला लागतो, जादाचं पाणी आधीच गेलेलं असतं.

तिसरी अट आपण हवामानाशी वाटाघाटी करून पास करतोय, हे कबूल. पण वळचणीची टोपली आठवली की वाटतं, आजींच्या घरीसुद्धा बारा महिने ओहित्सू नव्हताच की.

टीव्हीवर किसो दिसलं. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नवं बांधतात, पुढचं २०३३ मध्ये, त्याचं पहिलं लाकूड तोडायचा विधी या आठवड्यात किसोच्या जंगलात झाला. पांढऱ्या कपड्यातले लाकूडतोडे नुसत्या कुऱ्हाडींनी हिनोकीच्या बुंध्याला तीन बाजूंनी आत शिरत होते. करवत नाही. लेक ओरडली, "आपल्या डब्याचं गाव!"

२१ जून

सरकारी साठ्यातला जुना तांदूळ मिळाला. पाच किलो साधारण दोन हजार येनला, रांग लावून. २०२२ चं पीक. सगळे म्हणतात वास येतो, तर थोडा येतो खरा. धुताना पाणी जास्त वेळा बदललं, तासभर जास्त भिजवला, पाणी नेहमीपेक्षा एक-दोन चमचे जास्त. कुकरमधून थेट वाढला तेव्हा वास जाणवला. ओहित्सूत वीस मिनिटं ठेवून वाढला तेव्हा बराच कमी. वाफेबरोबर गेला की सावाराच्या वासाखाली झाकला गेला, सांगता येत नाही, बायकोच्या मते दुसरं. आमच्याकडे आता हाच चालू आहे.

२४ ऑगस्ट

आई आलीये. पहिल्याच दिवशी डबा हातात घेऊन उलटासुलटा बघितला, कडी वाजवून बघितली, म्हणाली काम चांगलं आहे. मग दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला असताना त्यात मसालेभात काढायला निघाली होती, बायकोने फोन करून विचारलं म्हणून वाचला. तेल आणि हळद लाकडात गेली की परत निघत नाही, त्या डब्यात पुढचं वर्षभर साध्या भातालाही गोडा मसाला लागला असता. यात फक्त पांढरा भात. आई रुसली नाही, पण "एवढं सोवळं आमच्या देवघरातही नव्हतं" हे दोनदा ऐकवलं.

गार भातावरून मात्र वाद झालाच. ती गरमच खाणार. मी तिला सकाळचा, तासाभरापूर्वी काढलेला, कोमट भात दिला, वर उकळतं वरण, तुपासकट. खाल्ला, परत घेतला, आणि म्हणाली, "हा शिळा नाही लागत." एवढ्यावर मी थांबलो, एदोची गोष्ट सांगायला घेतली होती ती गिळली.

२७ ऑगस्ट

गणपती. नैवेद्याच्या भाताची मूद आईने कुकरमधूनच पाडली, ताजी, तिथे ओहित्सूचं नाव काढायची सोय नव्हती. पण दुपारी जेवायला शेजारच्या आजी आणि माझ्या ऑफिसातली मंडळी, तेव्हा भात ओहित्सूतून वाढला. तो जमिनीवर मधोमध ठेवला आणि शेजारी भातवाढी घेऊन आजी कोणी न सांगता बसल्या, प्रत्येकाची वाटी मागून घेऊन वाढायला लागल्या. आईला त्यांची भाषा येत नाही, त्यांना हिची नाही. वरण आईकडून, भात आजींकडून, अशी पंगत झाली. तीन गो कमी पडले, दोनदा कुकर लावावा लागला.

१४ सप्टेंबर

उन्हाळ्यात काळी रेघ थोडी पसरली आहे, खाचेतून तळावर बोटभर. कारखान्याला फोटो पाठवून विचारलं. उत्तर आलं की डबा पाठवा, आतून पातळ थर तासून काढू, कडी उतरवून नीट बसवू, तळाची फळी बदलायची गरज दिसत नाही. खर्च नव्या डब्याच्या मानाने बराच कमी. काम सुरू व्हायला नोव्हेंबर उजाडेल, तोवर ओल्या फडक्याने पुसत वापरा म्हणाले.

नोव्हेंबरात पाठवला तर नेमके थंडीचे पहिले दिवस हातचे जातात, ज्या दिवसांत हा डबा सगळ्यात कामाचा. बायको म्हणते दुसरा घे, पाच गोचा, गणपतीला कमी पडला होताच. नोव्हेंबरमध्ये ज्या बाईने आणखी एक भांडं नको म्हटलं होतं ती हीच. पाच गोचा डबा आमच्या रोजच्या दोन गोला फार मोठा, भात तळाशी पसरून लवकर वाळेल, म्हणून मी नको म्हणतोय. त्याऐवजी आत्ता लगेच पाठवता येईल का, आणि काम नोव्हेंबरच्या आधी जमेल का, असं परत विचारलंय. उत्तर यायचंय. तोपर्यंत सकाळी अर्धा तास ओहित्सू, मग फ्रीझर.